फाशांची बेरीज आणि पडलेले शत्रू

‘स्ट्रेंजर थिंग्ज’ या मालिकेचा २०१६ साली आलेला पहिला भाग अनेकांनी पाहिला असेल. काळ १९८३ सालच्या नोव्हेंबरचा. तळघरात टेबलाभोवती बसलेली चार मुलं आणि त्यांच्या खेळात समोर उभा ठाकलेला डेमोगॉर्गन. पाळी विलची. एक मित्र ओरडतो, फायरबॉल टाक. दुसरा म्हणतो, धोका आहे, संरक्षणाचा मंत्र टाक. विल फायरबॉल निवडतो. फाशावर तेरा किंवा जास्त हवे असतात, पडतात सात. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ खेळणाऱ्या प्रत्येक टेबलावर हा वाद आजही होतो, आणि तो मन लावून घालण्यासारखा वाद आहे.

खेळ छापून आला १९७४ साली. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन हे त्याचे कर्ते. त्याआधी १९७१ साली गायगॅक्स आणि जेफ पेरेन यांनी ‘चेनमेल’ हे छोट्या शिशाच्या सैनिकांच्या लढाईचं नियमपुस्तक काढलं होतं. त्यातला जादूगार म्हणजे चालताबोलता तोफखाना. त्याचा फायरबॉल पडायचा मोठ्या गोफणयंत्राच्या माऱ्याएवढ्या जागेवर आणि लाइटनिंग बोल्टचा मारा मोजला जायचा जड तोफेसारखा. एक मंत्र वर्तुळात फुटतो आणि दुसरा सरळ रेषेत जातो, हा फरक आजही टिकून आहे, आणि तो असा रणांगणातून आलेला आहे.

नवखा खेळाडू मंत्रांची तुलना फाशांच्या बेरजेवर करतो. फायरबॉलला सहा बाजूंचे आठ फासे, सरासरी २८. मॅजिक मिसाइलच्या तीन बाणांची मिळून सरासरी साडेदहा. मग फायरबॉलच भारी, विषय संपला! पण बेरजेआधी विचारायला हवं की फासा टाकणार कोण.

काही मंत्रांत जादूगार स्वतः वीस बाजूंचा फासा टाकतो आणि शत्रूच्या आर्मर क्लासशी, म्हणजे त्याच्यावर नेम धरणं किती कठीण हे सांगणाऱ्या आकड्याशी, तुलना करतो. नेम चुकला की हाती शून्य. स्कॉर्चिंग रे या जातीतला. काहींत शत्रूच फासा टाकून अंग चोरतो, म्हणजे सेव्हिंग थ्रो. फायरबॉलमध्ये तो वाचला तरी अर्धं भाजतंच, म्हणजे नियमाप्रमाणे विलला तो फासा टाकायचं कारणच नव्हतं. मॅजिक मिसाइलमध्ये कुणीच फासा टाकत नाही. शत्रूने शिल्ड मंत्राची ढाल धरली नाही, तर बाण लागतातच.

या तीन जातींचा फरक आकड्यांत पाहू. नियम २०१४ सालच्या पाचव्या आवृत्तीचे. पाचव्या पातळीचा जादूगार, बुद्धी १८, म्हणजे नेमाला अधिक सात. समोर ओगर, आर्मर क्लास ११. दुसऱ्या पातळीची स्कॉर्चिंग रे तीन किरण सोडते आणि सरासरी सुमारे १९ नुकसान करते. त्याच स्लॉटमधून, म्हणजे त्या पातळीच्या मोजक्या संधींपैकी एक खर्चून, मॅजिक मिसाइल टाकली तर चार बाण, म्हणजे १४. इथे किरण सरस. आता ओगरच्या जागी लोखंडी चिलखतातला सरदार आणा, आर्मर क्लास १८. किरणांची सरासरी साडेअकरावर घसरते आणि बाणांचे चौदा मात्र चौदाच राहतात. समोरचा माणूस बदलला की मंत्रांचा क्रम उलटतो. म्हणून ‘सर्वांत ताकदवान मंत्र कोणता’ याचं एक उत्तर देणाऱ्या यादीवर माझा विश्वास बसत नाही.

फायरबॉल मात्र खरोखर मापाबाहेर आहे. खेळ चालवणाऱ्या डंजन मास्टरसाठीच्या पुस्तकात नवे मंत्र रचण्याचा तक्ता दिला आहे. तिसऱ्या पातळीच्या आणि अनेकांना एकदम लागणाऱ्या मंत्राला त्यात सहा फासे मंजूर आहेत. फायरबॉलला आठ, जे त्याच तक्त्यात पाचव्या पातळीच्या मंत्राचं माप आहे. खेळाची ओळखच ज्या मंत्राशी जोडलेली आहे, त्याला दिलेली ही सवलत मला योग्य वाटते. सात हिट पॉइंटचे, म्हणजे सात नुकसान झालं की पडणारे, सहा गॉब्लिन एका घोळक्यात सापडले तर अंग चोरूनही त्यांना सरासरी चौदा लागतात, म्हणजे बहुतेक वेळा सगळे संपतात.

पण या खेळात एक निष्ठुर नियम आहे: शंभरातला एक हिट पॉइंट उरलेला शत्रूही पहिल्याइतक्याच जोराने मारतो. जखमी होऊन तो लंगडत नाही, त्याचा सोटा हलका होत नाही. त्यामुळे शत्रू पडत नाही तोवर केलेलं नुकसान त्या फेरीपुरतं काहीच वाचवत नाही. माझ्या मते मंत्रांच्या तुलनेत सर्वांत दुर्लक्षित राहणारी गोष्ट हीच.

घ्या, तीन ओगर. प्रत्येकाचे ५९ हिट पॉइंट. फायरबॉलने प्रत्येकी सरासरी २४ किंवा २५ जातात. तिघेही उभे. दुसरा फायरबॉल टाकला, तरी प्रत्येकाकडे दहाएक शिल्लक आणि तिघेही अजून सोटे फिरवताहेत. लागला तर एकेका फटक्याला सरासरी तेरा. पाचव्या पातळीच्या जादूगाराकडे तिसऱ्या पातळीचे स्लॉट मुळात दोनच, ते संपले. त्याऐवजी तेवढ्याच किमतीचा हिप्नॉटिक पॅटर्न टाकला तर? नुकसान शून्य. पण ओगरची समज इतकी कमी, की तो या भुलीतून वाचण्याची शक्यता पाचात एक. बहुधा दोघे तरी तोंड उघडं टाकून उभे राहतात, आणि सोबती उरलेल्याला घेरून संपवतात. मग पुढचा. यात जादूगाराला लक्ष टिकवावं लागतं, त्याला मार बसला तर मंत्र तुटू शकतो. भुललेल्याला चुकून थोडंही नुकसान झालं तरी तो जागा होतो. एवढी जोखीम घेऊनही ओगरांपुढे मी हाच मंत्र टाकेन, आणि गॉब्लिनांपुढे फायरबॉल.

आगीचा आणखी एक तोटा म्हणजे ती सोसणारे खूप. सैतानांना ती लागतच नाही, लाल ड्रॅगनलाही नाही. मॅजिक मिसाइलचं फोर्स नुकसान न लागणारे प्राणी विरळा. शत्रू कोण हे आधी कळलं असेल तर मंत्रांची तयारी करतानाच हे पाहून ठेवावं.

आणि वेळ. फायरबॉलचं वर्तुळ चाळीस फूट व्यासाचं. तो पहिल्या फेरीतच टाकावा, सोबती शत्रूत मिसळण्याआधी, नंतर जागा मिळत नाही. १९७८ च्या आवृत्तीत तर हे आणखी जिवावरचं होतं. तिथे फायरबॉल ३३,००० घनफूट जागा भरून काढायचाच. दहा फूट रुंद आणि दहा फूट उंच बोळात टाकला तर आग दोन्हीकडे मिळून ३३० फूट धावायची, म्हणजे टाकणाऱ्याच्या दिशेने १६५ फूट. लाइटनिंग बोल्टही भिंतीवर आपटून परत यायचा. त्या नियमांनी खेळताना मंत्र उच्चारण्याआधी डंजन मास्टरला विचारायचा प्रश्न एकच असतो: छत किती उंच आहे आणि भिंत किती दूर?