फुलोऱ्याचे पंधरा दिवस

आश्विन वद्य द्वादशीला शहरात वसुबारस असते. जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांवर त्याच दिवशी वाघबारस असते. गुराखी वाघदेवाच्या ठाण्यापाशी जमतात, नारळ वाढवतात आणि वर्षभर गुरे सांभाळ म्हणून साकडे घालतात. पशुवैद्यकीय कामानिमित्त या दोन तालुक्यांत मी बरीच वर्षे फिरलो. बिबट्याने मारलेली गुरे पाहिली. पण वैशाखाने मारलेली त्याहून जास्त पाहिली. ज्या डोंगरांवर अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, कमरेएवढे गवत वाढते, तिथे मे महिन्यात गुरांच्या बरगड्या मोजता का याव्यात? ‘चारा कमी पडतो’ हे माझेही पहिले उत्तर होते. ते अपुरे निघाले.

इथली गाय बहुतेक डांगी. पांढऱ्या अंगावर काळे किंवा तांबडे ठिपके. कातडीतून तेलकट स्राव पाझरतो, त्यामुळे मुसळधार पावसातही ती तग धरते. दूध थोडेच. ती पाळायची ती चिखलणीच्या बैलासाठी आणि शेणासाठी. शेण, पालापाचोळा आणि झाडांच्या फांद्या जाळून राब भाजला जातो, त्यावर भाताची, नाचणीची, वरईची रोपे उगवतात. गोठा रिकामा झाला की राब हलका होतो आणि राब हलका झाला की ताट.

आता वर्षाचा क्रम पाहू. ज्येष्ठात पहिला पाऊस पडला की उपाशी गुरे कोवळ्या गवतावर तुटून पडतात. त्या गवतात पाणीच फार. गुरे पातळ हगतात. मुळांनी जोर धरण्याआधी कोंब खुडले गेले की चांगले गवत मागे हटते आणि गुरे ज्याला तोंड लावत नाहीत तो टाकळा माळ व्यापतो. म्हणून तीन-चार आठवडे माळाचा निदान अर्धा भाग राखावा आणि तोवर गव्हाणीत जुना पेंढा द्यावा. घटसर्प आणि फऱ्याची लस याआधीच टोचलेली हवी. भातखाचराच्या पाणथळ कडेला चरणाऱ्या गुरांना गोगलगायींमुळे पर्णकृमी होतात. पावसाळा सरताच जंताचे औषध हवे.

खरी मेख आहे ती भाद्रपदाच्या अखेरीस. गवत फुलोऱ्यात असते तेव्हा त्यात साधारण सहा-सात टक्के प्रथिने असतात. बी झडून ते पिवळे पडले की ती तीन टक्क्यांच्या आसपास येतात. गुरांच्या कोठीपोटातले सूक्ष्मजीव गवत पचवतात आणि त्या कामासाठी त्यांना चाऱ्यात सुमारे सात टक्के प्रथिने लागतात. तेवढी नसली तर गवत पोटात पडून राहते, गूर कमी खाते आणि भरल्या पोटी खंगते. म्हणजे वैशाखातल्या बरगड्यांचे कारण आश्विनात असते.

मग गवत वेळेवर का कापत नाहीत? मोखाड्यातल्या एका पाड्यावर हाच प्रश्न मी एका आजीला केला. ती म्हणाली, “दादा, गवताला दोन हात देऊ, तर भाताला कुठून आणू?” फुलोऱ्याचे ते पंधरा दिवस नेमके हळव्या भाताच्या कापणीला भिडतात, वर परतीच्या पावसाची धास्ती. दिवाळी झाली की घरेच्या घरे भिवंडी-वसईकडच्या वीटभट्ट्यांवर जातात. मागे राहतात म्हातारी माणसे, मोकाट गुरे आणि वाळलेला माळ. फाल्गुनात एक वणवा लागला की तोही जातो.

हे कळण्याआधी मी एक चूक केली. चार-पाच घरांना संकरित नेपियरची ठोंबे दिली. श्रावणात ती डोक्यापर्यंत वाढली, मार्चमध्ये जळून गेली. जिथे उन्हाळ्यात माणसांना टँकरचे पाणी, तिथे गवताला कोण शिंपणार? मध्य वैतरणेचे धरण याच मुलखात आहे, पण त्याचे पाणी मुंबईला जाते.

त्यानंतर मी हिशेब गाईपासून मांडू लागलो. अडीचशे किलोची गाय दिवसाला सुमारे सहा किलो कोरडा चारा खाते. उन्हाळ्याचे १२० दिवस धरले तर ७२० किलो. त्यातले निम्मे फुलोऱ्यातले गवत असावे: कापून, उलटून, काडी कटकन मोडेपर्यंत वाळवून, मगच भारे बांधून उडवी रचावी. उरलेला पेंढा. १०० किलो पेंढ्यावर ४ किलो युरिया ५० लिटर पाण्यात विरघळवून शिंपडावा, दाबून, झाकून तीन आठवडे ठेवावा आणि घालण्याआधी पसरून वास जाऊ द्यावा. सहा महिन्यांखालच्या वासराला तो देऊ नये. युरियाच्या पाण्याला कोणत्याही गुराचे तोंड लागू देऊ नये, ते विष आहे. इथल्या उतारांवर खुरासणी पिकते. तिची पेंड मूठभर दिली तरी कोठीपोटाचे काम सुरू होते. बांधावर स्टायलो पेरला तर तो हलक्या जमिनीतही टिकतो.

पण यातले काहीच हातांवाचून होत नाही. गवत आणि मजुरी यांचे नाते या जिल्ह्याला नवे नाही. पश्चिमेला तलासरी-डहाणू भागात १९४५ साली वारल्यांनी ५०० पौंड गवत कापण्याचे अडीच रुपये मागितले. त्याच लढ्यात १० ऑक्टोबरला तलवाड्यात गोळीबार होऊन पाच जण गेले. तेव्हा गवत जमीनदाराचे होते. आज ते स्वतःच्या वरकस जमिनीवर उभे आहे, तरी कापणाऱ्याला त्या पंधरवड्याची मजुरी कोणी देत नाही. रोजगार हमीतून ती मिळाली, तर माझ्या मते कोणत्याही नव्या बियाण्यापेक्षा ते मोठे काम होईल.

हा अंक हाती पडेल तेव्हा तिथले गवत पिवळे पडलेले असेल. पेंढ्याला आणि पेंडीला मात्र अजून वेळ आहे. भट्टीवर निघालेल्या घरांनी जाण्याआधी उडवीतले भारे मोजावेत आणि मागे राहणाऱ्या आजीला कोणती गाय किती दिवस पोसायची, तेवढे सांगून जावे.