मंगळवारची रात्र, शनिवारचा घाणा

मंगळवारी आणि शुक्रवारी रात्री एकट्यानं घराबाहेर पडू नये, असं ज्यूंचा तालमूद हा ग्रंथ बजावतो. त्या दोन रात्री अग्रत नावाची राक्षसीण आपला लवाजमा घेऊन हिंडत असते. लवाजमा म्हणजे एक लाख ऐंशी हजार संहारक दूत, आणि त्यांतल्या प्रत्येकाला स्वतंत्रपणे नासधूस करायचा परवाना. पूर्वी म्हणे ती रोजच फिरायची. एकदा तिची गाठ हनिना बेन दोसा या सत्पुरुषाशी पडली. ती म्हणाली, ‘तुझ्या वाटेला जाऊ नका अशी स्वर्गात दवंडी पिटली आहे, नाहीतर तुला दाखवलं असतं.’ हनिना म्हणाला, ‘स्वर्गात माझा एवढा मान आहे ना? मग माझा हुकूम ऐक. यापुढे माणसांच्या वस्तीत पाऊल टाकायचं नाही.’ ती गयावया करू लागली, थोडी तरी सवलत ठेवा म्हणाली. शेवटी त्यानं तिला आठवड्यातल्या दोन रात्री सोडल्या.

भांडुपच्या चाळींतून निम्मं कोकण राहतं. तिथं अवसेच्या रात्री वेताळाची पालखी निघते हे ऐकून मोठी झालेली माणसं अग्रतची गोष्ट ऐकून मान डोलावतील. पण अवस कळते, रात्र काळीकुट्ट असते. मंगळवार आणि शुक्रवारच का? सोमवारनं काय घोडं मारलं होतं?

त्याआधी ज्यू पुराणांतल्या भुतांची थोडी ओळख करून घेऊ, कारण ती भलतीच मोजूनमापून वागणारी आहेत. तालमूदातले पंडित सांगतात की प्रत्येक माणसाच्या डाव्या हाताला एक हजार आणि उजव्या हाताला दहा हजार भुतं उभी असतात. प्रवचनाला दाटी होते ती त्यांच्यामुळे, गुडघे दुखतात ते त्यांच्यामुळे, आणि पंडितांचे कपडे लवकर झिजतात तेही त्यांच्या घासण्यामुळे. खात्री करायची असेल तर रात्री पलंगाभोवती चाळलेली राख पसरायची. सकाळी राखेत कोंबड्याच्या पायांसारखे ठसे दिसतील. प्रत्यक्ष बघायचीच असतील तर काळ्या मांजरीची वार जाळून, कुटून, तिची पूड डोळ्यांत घालायची. मांजरीचीही अट आहे: ती आपल्या आईचं पहिलं पिल्लू हवी, आणि तिची आईही काळी आणि पहिलंच पिल्लू हवी. बीबी बार अबाये नावाच्या एका पंडितानं हे खरोखर करून पाहिलं. त्याला भुतं दिसली आणि बाधलीही. मग बाकीच्यांनी प्रार्थना करून त्याला बरं केलं. या गोष्टी लिहिणारा माणूस घाबरलेला आहे की मजा घेतोय, हे मला आजवर ठरवता आलेलं नाही.

आता त्या दोन रात्रींकडे वळू. त्यांची किल्ली आपल्याच घरात, पंचांगाच्या मागच्या पानांवर होरांच्या कोष्टकात आहे. सूर्योदयापासून एकेक तासाला एकेका ग्रहाचा अंमल, म्हणजे होरा. ग्रहांचा क्रम आकाशातल्या चालीचा, सगळ्यांत मंद आधी: शनि, गुरू, मंगळ, रवि, शुक्र, बुध, चंद्र. शनीला एक फेरी पुरी करायला साडेएकोणतीस वर्षं लागतात, चंद्राला सत्तावीस दिवस. ज्या ग्रहाची होरा सूर्योदयाला, तो त्या दिवसाचा मालक. शनिवारी पहिली होरा शनीची. सात होरांनी चक्र पुरं होतं, तीन चक्रांत एकवीस तास जातात आणि दिवसाचे तीन उरतात. ते तीन ओलांडले की दुसऱ्या दिवशीच्या सूर्योदयाला रवि येतो. पुन्हा तीन ओलांडले की चंद्र, मग मंगळ. शनिवारनंतर रविवार, मग सोमवार, मग मंगळवार हा वरवर अगम्य दिसणारा क्रम या एका बाकीतून येतो. आर्यभटानं ४९९ साली हे एका श्लोकात बसवलं. आपल्याकडे वाराचा उल्लेख असलेला जुना शिलालेख मध्य प्रदेशातल्या एरणचा, ४८४ सालचा. त्यात गुरुवार आहे. बाबिलोनी तालमूदाला आजचं रूप येत होतं तेही ५०० च्या आगेमागेच. मुळात हे गणित ग्रीक-रोमन जगातलं. तिथून ते दोन्हीकडे पोचलं.

दिवसाचा मालक सूर्योदयाला ठरतो, तसा रात्रीचा मालक सूर्यास्ताला ठरवून बघा. बारा होरा पुढे जायचं, म्हणजे सातांचं चक्र वजा करून पाच घरं. रविवारच्या रात्री गुरू येतो. सोमवारच्या रात्री शुक्र. मंगळवारच्या रात्री शनि. बुधवारच्या रात्री रवि, गुरुवारच्या रात्री चंद्र, शुक्रवारच्या रात्री मंगळ आणि शनिवारच्या रात्री बुध.

बाबिलोनच्या आणि ग्रीकांच्या ज्योतिषात घातकी ग्रह दोनच, शनि आणि मंगळ. आठवड्याच्या सात रात्रींपैकी बरोबर दोन रात्री त्यांच्या ताब्यात जातात, मंगळवारची आणि शुक्रवारची. अग्रतला मिळालेली सवलत हीच.

मी हे पहिल्यांदा कागदावर मांडलं तेव्हा पुन्हा पुन्हा मोजलं. राक्षसिणीची रदबदली, सत्पुरुषाची दया, सगळी गोष्ट खाली एका भागाकाराच्या बाकीवर उभी आहे! हा शोध अर्थातच माझा नाही. बाराव्या शतकात स्पेनमधल्या अब्राहम इब्न एझ्रा या विद्वानानं तो लिहून ठेवलाय, आणि तो तिथंच थांबला नाही. ज्यूंचा दिवस सूर्यास्ताला सुरू होतो, म्हणून आपली शुक्रवारची रात्र त्यांच्या शनिवारात, म्हणजे शब्बाथमध्ये मोडते. मग शब्बाथची रात्र मंगळाची आणि दिवस शनीचा. दोन्ही घातकी ग्रह एकाच दिवसात येतात असा आठवड्यातला हा एकच वार. इब्न एझ्राचं म्हणणं असं, की अशा दिवशी संसाराची कामं न करता देवाकडे लक्ष लावावं हेच बरं. बायबलात विश्रांतीचं कारण वेगळं आहे, देवानं सृष्टी घडवून सातव्या दिवशी विसावा घेतला हे. पण या माणसाला आकाशातही एक कारण सापडलं.

विश्रांतीच्या या दिवसानं कोकणात एका समाजाला नावच दिलं. अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटलं, सात पुरुष आणि सात बायका वाचल्या आणि त्यांचा वंश गावोगाव पसरला, अशी बेने इस्रायल समाजाची परंपरा सांगते. किहीमचे किहीमकर झाले, दिव्याचे दिवेकर, पेणचे पेणकर. धंदा तेलाच्या घाण्याचा, बोली मराठी. शनिवारी घाणा बंद ठेवत म्हणून गाव त्यांना ‘शनवार तेली’ म्हणू लागलं. सोमवारी बंद ठेवणारे सोमवार तेली वेगळे. शब्बाथच्या आज्ञेत गुराढोरांनाही सुट्टी आहे. त्यामुळे आठवडाभर डोळ्यांवर झापडं बांधून गोल फिरणारा घाण्याचा बैलही त्या दिवशी दावणीला रवंथ करत बसायचा.

शतकानुशतकं या लोकांजवळ तालमूद नव्हता, म्हणजे अग्रतची गोष्टही नव्हती. होती ती शब्बाथची सुट्टी, सुंता, खाण्यापिण्याचे नियम आणि ‘शेमा’ ही प्रार्थना. शेजारी मात्र शनिवारी तेल विकत न घेणारे आणि शनीला तेल वाहणारे. त्या दिवशी तेल्यानंच दुकान बंद ठेवलं तर गावाला ते वावगं वाटलं नसावं, उलट रीतसर वाटलं असावं, असा माझा आपला तर्क. हा समाज पुढे मुंबईत आला. १७९६ मध्ये मांडवीत त्यांचं पहिलं सिनेगॉग उभं राहिलं. भांडुपहून गाडीत बसलं की नाहूर, मुलुंड आणि मग ठाणं. तिथलं शार हाशामायिम १८७९ सालचं. नावाचा अर्थ स्वर्गाचं द्वार.

शुक्रवारी संध्याकाळी अशा सिनेगॉगमधून घरी निघालेला माणूस एकटा नसतो. मंगळाची रात्र सुरू झालेली असते, पण तालमूद म्हणतो की दोन देवदूत त्याच्या सोबतीला चालतात, एक चांगला आणि एक वाईट. घरी दिवा लागलेला असेल, पान वाढलेलं असेल, अंथरूण नीट घातलेलं असेल, तर चांगला दूत म्हणतो, ‘पुढचा शब्बाथही असाच जावो’, आणि वाइटाला मनाविरुद्ध ‘आमेन’ म्हणावं लागतं. घरात पसारा असेल तर वाईट दूत तेच वाक्य म्हणतो आणि आमेन म्हणायची पाळी चांगल्यावर येते. स्वर्गाचा कारभार कायद्यानं चालतो तो असा.

पुढच्या काळात प्रत्येक वाराला स्वतंत्र देवदूतही मिळाला. ‘सेफेर राझिएल’ हे मंत्रतंत्राचं पुस्तक राझिएल दूतानं प्रत्यक्ष आदमाला दिलं अशी समजूत. छापलं गेलं ते १७०१ मध्ये अ‍ॅमस्टरडॅमला, आणि ते घरात असलं की घराला आग लागत नाही असं लोक मानू लागल्यावर खपलंही भरपूर. त्यात रविवार रफाएलचा, सोमवार गब्रिएलचा, बुधवार मिखाएलचा. मंगळवार समाएलकडे, आणि समाएल हा मृत्यूचा दूत. शनिवारी कफसिएल. युरोपातल्या ख्रिस्ती मांत्रिकांनी ही यादी उचलली, पण मिखाएलला रविवारी नेऊन रफाएलला बुधवारी बसवलं. ताईत करायचा तर वार, होरा, दूताचं नाव आणि धातू, सगळं जुळावं लागे. त्यांच्याकडे शनीचं शिसं आणि मंगळाचं लोखंड. आपल्याकडे लोखंड शनीचं.

यावरून एक हिशेब करायचा मोह मला आवरला नाही. मुंबई ते ठाणे रेल्वेची कल्पना सरकारी मुख्य अभियंता जॉर्ज क्लार्क याला सुचली ती १८४३ मध्ये भांडुपला आला असताना, असं रेल्वेचा इतिहास सांगतो. दहा वर्षांनी, १६ एप्रिल १८५३ ला, दुपारी ३ वाजून ३५ मिनिटांनी, चौदा डबे आणि चारशे पाहुणे घेऊन गाडी बोरीबंदरहून सुटली. वार होता शनिवार. मुंबईच्या स्थानिक वेळेनं त्या दिवशी सूर्य पावणेसहाच्या सुमारास उगवला असणार. म्हणजे साडेतीनला दहावी होरा चालू. शनि, गुरू, मंगळ करत मोजत गेलं की दहावी येते मंगळाची. लोखंड आमच्या शनीचं धरा नाहीतर त्यांच्या मंगळाचं, आगगाडी दोन्ही हिशेबांनी आपल्याच घरी जन्मली! शब्बाथ पाळणारा कुणी बेने इस्रायली मात्र त्या दिवशी तिच्यात चढला नसता.

या समाजाचा लाडका दिव्य पुरुष कुठल्याच ग्रहाच्या यादीत नाही. एलियाहू हन्नाबी, म्हणजे संदेष्टा एलिया, अग्निरथातून सदेह स्वर्गात गेला, आणि कब्बाला या ज्यू गूढविद्येच्या परंपरेत तोच सांदलफोन नावाचा देवदूत झाला. तो कोकणात उतरला होता असं बेने इस्रायली मानतात. अलिबागजवळच्या खंडाळ्यात, घाटातल्या नव्हे, एका खडकावर त्याच्या रथाच्या चाकांच्या खुणा दाखवतात. त्याच्या नावानं नवस बोलायचा आणि फेडताना ‘मलिदा’ करायचा. मोठ्या ताटात गोड पोहे, त्यात ओलं खोबरं, सुका मेवा, वर फळं. लग्न असो, नवं घर असो, मलिद्याशिवाय चालत नाही. जगातल्या बाकीच्या ज्यूंना शब्बाथ संपताना एलियाची गाणी म्हणणं माहीत आहे. त्याला पोह्यांचा नैवेद्य दाखवतात ते आपल्याकडचेच.

ग्रहांचा अंमल माणसावर कितपत चालतो, यावर तालमूदात जोरदार भांडणं आहेत. यहोशुआ बेन लेवीच्या वहीत जन्मवारावरून स्वभाव लिहिलेले होते. हनिना नावाचा दुसरा पंडित (अग्रतवाला नव्हे) म्हणाला, वार कसला बघता, होरा बघा. योहानाननं तर दोघांनाही उडवून लावलं: इस्राएलवर ग्रहांची सत्ताच नाही. तरी मंगळाच्या होरेवर जन्मलेला रक्त सांडणारा होतो, हे कुणीतरी म्हणून गेलंच होतं. त्यावर रव आशीनं तोडगा काढला, की रक्त सांडायचे धंदे पुष्कळ आहेत. तो शिरा तोडून रक्त काढणारा वैदू होईल, चोर होईल, खाटीक होईल नाहीतर सुंता करणारा. आशीच्या आधी, बाबिलोनमधल्या पंबेदिथाच्या पीठाचा प्रमुख रब्बा याला तर मंगळाची ही गोष्टच रुचली नव्हती. तो म्हणाला, ‘मीही मंगळाच्याच होरेवर जन्मलो, मी कुठं रक्त सांडतो?’ त्यानंच लहानाचा मोठा केलेला पुतण्या अबाये तिथंच बसला होता. तो म्हणाला, ‘तुम्ही न्यायाधीश. तुम्हीही शिक्षा देता, आणि त्यात माणसं मरतात.’