वाक्य संपलं कुठं?

निपाणीत मी बेळगावच्या तंत्रज्ञान विद्यापीठाच्या (व्हीटीयू) पहिल्या वर्षाच्या पोरांना प्रोग्रॅमिंग शिकवतो. घरात मराठी, गावात कन्नड, कॉलेजात इंग्रजी. तीन भाषा लीलया सांभाळणारी ही पोरं 'सी'मध्ये अडतात ती अर्धविरामापाशी.

"सर, सातव्या ओळीत एरर दाखवतंय, पण ओळ बरोबर हाय की!"

ओळ बरोबरच असते. अर्धविराम सुटलेला असतो सहावीत. 'सी'ला ओळीचं सोयरसुतक नाही. अर्धविराम येईपर्यंत ती वाचतच जाते. सातव्या ओळीचा पहिला शब्द आधीच्या मजकुराशी जुळला नाही, की मग ती अडते. बरेच कंपायलर, विशेषतः जुना टर्बो सी, बोट तिथंच ठेवतात.

ओळीवर विधान संपवायची रीत याहून जुनी. 1957च्या फोरट्रानमध्ये एका पंचकार्डावर एक ओळ. रकाने 80, त्यातले 7 ते 72 विधानासाठी. विधान मावलं नाही तर पुढच्या कार्डाच्या सहाव्या रकान्यात खूण करायची. 'अल्गॉल' भाषेत अर्धविराम आला आणि कार्डाची सक्ती गेली. तिथं आणि पास्कलमध्ये तो दोन विधानांच्या मधे बसतो, 'सी'त मात्र विधानाच्या शेवटी. पास्कलमध्ये 'एल्स'च्या आधी तो टाकला तर चूक धरतात, ती यामुळंच.

वाक्य संपलं कुठं, हा प्रश्न आपल्याकडं कागदावर आधीच होऊन गेलाय. सीमाभागातल्या जुन्या घरांत अजून मोडी कागद निघतात. आधी आडवी सलग रेघ ओढायची, मग तिच्याखाली अक्षरं. शब्द तोडायचे नाहीत, विरामचिन्हं नाहीत. वाचणारा अर्थावरून, क्रियापदावरून थांबतो. मेजर थॉमस कँडींचं 'विरामचिन्हांची परिभाषा' हे पुस्तक 1850चं. पुढं छापील मराठीत ही चिन्हं रुळली. यंत्राला अर्थावरून थांबणं जमत नाही, त्याला नियमच लागतो.

पायथॉनचा नियम एका दमात सांगता येतो: ओळ संपली की विधान संपलं, कंस उघडा असेल तर नाही. गो भाषेत ओळीअखेरचा अर्धविराम कंपायलर स्वतःच घालतो. त्यापायी फंक्शनचा उघडणारा महिरपी कंस खालच्या ओळीवर घेतला की प्रोग्रॅम चालत नाही. पण कंपायलर निदान तक्रार तरी करतो.

माझा राग आहे तो जावास्क्रिप्टवर. अर्धविराम नसला तर ती अंदाज बांधते. 'रिटर्न' लिहून एंटर मारला आणि बेरीज खालच्या ओळीवर लिहिली, तर ती 'रिटर्न'पाशीच विधान संपलं असं धरते. एरर नाही, काही नाही. हातात येतं 'अनडिफाइन्ड'. उलट पुढची ओळ गोल कंसानं सुरू झाली, तर जावास्क्रिप्ट ती वरच्या ओळीला चिकटवते.

मला विचाराल तर सुरुवात पायथॉननं करावी, 'सी'चा हट्ट नंतर सोसतो. आणि जावास्क्रिप्ट करणाऱ्यांनो, अर्धविराम स्वतः टाका, 'रिटर्न'चं उत्तर त्याच ओळीत सुरू करा.