सागवानी चौकट : आठ ते सात

सकाळी आठ. आधी काल सांधलेली चौकट. दोरीचा फास सोडतो, कोपऱ्यांना गुण्या लावतो आणि दोन्ही कर्ण मोजतो. कर्ण सारखे भरले की चौकट काटकोनात आहे. मग लाकडाच्या रेषांच्या दिशेनेच पॉलिश पेपर. आडवा हात फिरला तर ओरखडे चपडीखाली जास्तच उठून दिसतात. रात्री स्पिरिटमध्ये भिजवलेली चपडी गाळून, कापसाच्या बोळ्यावर मलमल गुंडाळून पहिला पातळ हात देतो.

साडेनऊ. आजचं लाकूड जुन्या वाड्याच्या तुळईचं. पेठेतला वाडा पाडला की असं सागवान वखारीत येतं. ते पक्कं वाळलेलं असल्याने सहसा पीळ धरत नाही, पण आत खिळे राहिलेले असतात. म्हणून रंध्याआधी लोहचुंबक फिरवतो.

चौकट हवी आहे रविवर्मा छापखान्यातल्या लक्ष्मीला. १८९४ साली मुंबईत सुरू झालेला हा छापखाना पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला, आणि त्याची चित्रं घरोघरच्या देवघरांत पोचली. हे चित्र २० बाय १४ इंच. चहूबाजूंनी दोन इंच माउंट धरला की काच २४ बाय १८ ची. पट्टी दोन इंच रुंद, आतल्या कडेला काचेसाठी दोन सुताची खाच.

अकरा. आता काप. या तासात मी फोन उचलत नाही. चार पट्ट्यांची आठ टोकं, प्रत्येक ४५ अंशांत. प्रत्येक कापात अर्धा अंश चुकला तर शेवटच्या कोपऱ्यावर चार अंश साचतात, म्हणजे दोन इंची पट्टीवर दीड सुताची फट. ती भुसा आणि सरस कालवून बुजवता येते. मला ते पटत नाही. लाकूड पावसात फुगतं, उन्हाळ्यात आकसतं आणि ते भरण सुटून येतं. म्हणून करवतीने केसभर जास्त ठेवून कापतो आणि तिरक्या ठोकळ्यावर धारदार रंध्याने टोक साफ करतो. सागवान पात्याची धार लवकर खातं, त्यामुळे मधेच सहाणेवर जावं लागतं. समोरासमोरच्या पट्ट्या पाठीला पाठ लावून टोकांवरून नख फिरवतो. डोळ्याला न दिसणारा फरक नखाला लागतो.

एक. चपडीचा दुसरा हात, मग डबा.

दोन. लक्ष्मीची जुनी चौकट मागून उघडतो. आत वर्तमानपत्र आणि फळी; फळीच्या रेषा कागदावर तपकिरी उमटल्या आहेत. पुढून काच थेट चित्राला टेकलेली. ओल धरली की कागद काचेला चिकटतो, आणि ओढला तर रंग काचेवरच राहतो. इथे तेवढं झालेलं नाही, हे नशीब. नव्या चौकटीत मागे आम्लविरहित पुठ्ठा आणि पुढे माउंट, म्हणजे काच लांब राहते. चित्र पूर्ण चिकटवायचं नाही. पातळ जपानी कागदाच्या दोन पट्ट्या, गव्हाच्या खळीने, फक्त वरच्या कडेला. कागदाला हलायला जागा हवी.

चार. सरसाचं भांडं गरम पाण्यात ठेवतो. सरस उकळू द्यायचा नाही, ताकद जाते. सागवान तेलकट असल्याने टोकं स्पिरिटने पुसून लगेच सांधायची. दोरीचा फास, चार कोपऱ्यांना ठोकळे, पुन्हा कर्ण. उद्या कोपऱ्यांत करवतीची खाच पाडून लाकडाच्या पातळ चिपा बसवेन. सांध्याचं खरं बळ त्या चिपांत.

साडेपाच. बाहेर पाऊस. दमट हवेत चपडीवर पांढुरकी झाक येते, म्हणून कालच्या चौकटीचा तिसरा हात उद्यावर.

सात. लक्ष्मीवाल्या ताई येतात. "दादा, उद्या मिळेल?"

"नाही ताई, पाऊस थांबल्यावर पॉलिशला तीन दिवस धरा. आणि लावणार कुठे?"

"दिवाणखान्यात, पश्चिमेच्या भिंतीवर."

"ती बाहेरची भिंत ना? पावसात ओल येते तिथे. आतल्या भिंतीवर लावा. मागच्या चारही कोपऱ्यांना मी बुचाचे तुकडे लावून देतो, ते काढू नका."

ताई घरी फोन लावून आतल्या भिंतीवर खिळा कुठे आहे ते विचारतात.