बाळ येशूच्या पोटात जीपीएस

२००७ चा नाताळ. अमेरिकेत फ्लोरिडा राज्यातलं वेलिंग्टन नावाचं गाव. तिथल्या कम्युनिटी सेंटरजवळ मांडलेल्या ख्रिस्तजन्माच्या देखाव्यातून बाळ येशूची मूर्ती गायब झाली. चोराला एकच गोष्ट माहीत नव्हती, की त्या सिरॅमिकच्या मूर्तीच्या आत जीपीएस ट्रॅकर आहे. पोलिस नकाशावरच्या ठिपक्याच्या मागावर गेले, तर मूर्ती जवळच्याच एका फ्लॅटमध्ये, गालिच्यावर पालथी पडलेली. अटक कुणाला झाली? १८ वर्षांच्या एका मुलीला. आपल्या हिशेबानं एफवायच्या वर्गातली.

तिकडं दर नाताळात कुठून तरी बाळ येशू पळवला गेल्याची बातमी येतेच. त्यातल्या बऱ्याच चोऱ्या पैशासाठी नसतातच. मित्रांनी चढवलं, पैज लागली, उचलला. मग न्यूयॉर्कच्या ब्रिकहाउस सिक्युरिटी या कंपनीनं चर्चना सणापुरते ट्रॅकर फुकट वापरायला द्यायची योजनाच काढली.

याचा बीडशी काय संबंध, असं वाटेल. पण जीपीएस आपल्याला नवा नाही. गोदावरीच्या पट्ट्यातली वाळू वाहणाऱ्या गाड्यांना तो बसवून सरकारच्या ‘महाखनिज’ यंत्रणेला जोडायची सक्ती आहेच. आणि देवाच्या दारातली चोरीही नवी नाही. ऑगस्ट २०२२ मध्ये शेजारच्या जालना जिल्ह्यातल्या जांब समर्थ इथून, समर्थ रामदासांच्या जन्मगावातून, राम-लक्ष्मण-सीतेच्या पंचधातूच्या जुन्या मूर्ती चोरीला गेल्या. अख्खा मराठवाडा हळहळला. पोलिसांनी मूर्ती शोधून काढल्या, पण त्याला सुमारे दोन महिने लागले.

त्या मूर्तींत ट्रॅकर असता तर? इथं गंमत आहे. बहुधा काहीच उपयोग झाला नसता. जीपीएसचे उपग्रह सुमारे २० हजार किलोमीटर उंचावर असतात आणि त्यांचा सिग्नल जमिनीवर पोचेपर्यंत अगदीच क्षीण होतो. ट्रॅकर तो फक्त ऐकतो, आपण कुठं आहोत हे काढतो आणि आतल्या सिमवरून तुमच्या मोबाइलला कळवतो. म्हणजे ऐकायला आकाश हवं आणि बोलायला रेंज हवी. धातूच्या आत कोंडलं की दोन्ही बंद. चर्चमधल्या गोठ्यातल्या मूर्ती मात्र बहुतेक प्लास्टर नाहीतर फायबरच्या. त्यातून सिग्नल बराचसा आरपार जातो. शिवाय आतून पोकळ, त्यामुळं लपवायला जागा आयतीच. कागदाच्या किंवा प्लॅस्टिकच्या चांदणीतही तो सहज मावतो. गणपती मंडळाच्या सजावटीलाही हेच लागू. महागाच्या एलईडी पार्लाइटचा डबा पत्र्याचा असेल, तर ट्रॅकर आत नको, बाहेरच्या प्लॅस्टिकच्या भागात बसवा.

आता बॅटरी. दर मिनिटाला ठिकाण कळवणारा छोटा ट्रॅकर काही दिवसांतच मान टाकतो. म्हणून हललं की जागा होणारा, एरवी झोपून राहणारा घ्यायचा. त्याची बॅटरी आठवडेच्या आठवडे पुरते. पण जागा झाल्यावर तो किती वेळानं कळवतो, तेही बघायला हवं. बीड शहराला लागूनच धुळे-सोलापूर महामार्ग आहे. दर अर्ध्या तासाला कळवणारा ट्रॅकर असेल तर दुसरा ठिपका थेट गेवराईच्या आसपास उमटायचा. गाडी बालाघाटाच्या डोंगरात शिरली आणि रेंज गेली, तर तेवढा वेळ काहीच नाही. चांगले ट्रॅकर मधली ठिकाणं साठवतात आणि रेंज आली की एकदम पाठवतात. स्वस्तातले बरेचसे टू-जीवर चालतात. जिओचं टू-जी नाहीच, तेव्हा त्यात जिओचं सिम घालून ‘चालेना की’ म्हणत बसू नका.

मग कुणीतरी म्हणतंच, एवढी भानगड कशाला, एअरटॅग टाकू. एअरटॅगमध्ये जीपीएस नसतो. तो ब्लूटूथनं आसपासच्या आयफोनना खुणावतो आणि ते फोन ठिकाण कळवतात. अँड्रॉइडवाले टॅगही तसेच, आसपासच्या अँड्रॉइड फोनच्या जिवावर चालणारे. पुण्यात हे भारी आहे. पण डिसेंबरात आपल्या जिल्ह्यातल्या कितीतरी वाड्या-तांड्यांवर फोनच कमी असतात. ऊसतोडीला गेलेली माणसं कोल्हापूर-सांगलीच्या, कर्नाटकातल्या फडांवर असतात, त्यांच्याबरोबर त्यांचे फोनही. मागं उरलेत म्हातारी माणसं आणि शाळेतली पोरं. अशा गावात टॅग मुका. वर आणखी एक. कुणाचा पाठलाग होऊ नये म्हणून हे टॅग ‘तुमच्यासोबत एक अनोळखी टॅग फिरतोय’ असा इशारा समोरच्याच्या मोबाइलवर देतात. तो समोरचा चोर असला, तरी.

पण या सगळ्यापेक्षा मला जास्त धास्ती वाटते ती ठिपका बरोबर दिसल्यावर काय होईल याची. मोकळ्या मैदानात जीपीएस पाचेक मीटरपर्यंत बरोबर सांगतो. दाट गल्लीत भिंतींवर आदळून आलेल्या सिग्नलमुळं ती चूक वाढते. उपग्रह दिसलेच नाहीत तर बरेच ट्रॅकर मोबाइल टॉवरवरून अंदाज बांधतात, मग चूक शेकडो मीटरची, खेड्यात कधी किलोमीटरची. आपल्याकडं जुन्या वस्तीत दहा मीटरांत तीन घरं बसतात, कधी दोन वेगवेगळ्या समाजांची. सणाची रात्र, चर्च नाहीतर मंडळ, पन्नास पोरं, हातात मोबाइल आणि ठिपका कुणाच्या तरी घरावर. पुढचं मी लिहायला नको.

हे नुसतं भ्यायचं म्हणून म्हणत नाही. जानेवारी २०२२ मध्ये अमेरिकेतल्या डेन्व्हर शहरात एक ट्रक चोरीला गेला, त्यात एक आयफोन होता. मालकानं ‘फाइंड माय’ लावलं आणि ठिकाण दिसलं ७७ वर्षांच्या एका एकट्या राहणाऱ्या आजींच्या घराच्या आसपास. पोलिसांचं सशस्त्र पथक त्यांच्या घरात घुसलं, दारं फोडली. सापडलं काहीच नाही. अ‍ॅपनं दाखवलेल्या वर्तुळात इतरही घरं होती. २०२४ मध्ये तिथल्या ज्युरीनं आजींना ३७ लाख ६० हजार डॉलर भरपाई मंजूर केली. पगारी, प्रशिक्षित पोलिसांकडून हे झालं. गल्लीतल्या पोरांकडून काय होईल?

म्हणून ट्रॅकर लावायच्या आधी ठरवा की अलर्ट कुणाच्या मोबाइलवर येणार. ग्रुपवर नक्कीच नको. दोन जबाबदार माणसांकडं असू द्या. अलर्ट आला की स्क्रीनशॉट, वेळ, ११२ ला फोन. मूर्तीचा फोटो आणि ट्रॅकर खरेदीची पावती आधीच काढून ठेवलेली असेल तर तक्रार देताना सोपं जातं. ठिपक्याच्या दारात तुम्ही जायचं नाही.

आणि आता उचलायची खुमखुमी असलेल्यांसाठी. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत कलम ३०५ आहे. प्रार्थनास्थळातली मूर्ती चोरली तर सात वर्षांपर्यंत कैद आणि दंड. गंमत केली, पैज होती, दुसऱ्या दिवशी परत ठेवणारच होतो, हे सगळं नंतर कोर्टात सांगायचं. बाहेर टांगलेली चांदणी मूर्ती नाही, ती साध्या चोरीत, कलम ३०३ मध्ये बसू शकते. तिथं एक नवी तरतूद आहे. माल पाच हजारांच्या आतला, गुन्हा पहिलाच आणि वस्तू किंवा तिची किंमत परत केली, तर शिक्षा समाजसेवेची. ऐकायला सौम्य वाटतं, पण दोषी ठरल्याची नोंद राहतेच. रोज पहाटे ग्राउंडवर पोलिस भरतीची तयारी करणाऱ्यांना चारित्र्य पडताळणी म्हणजे काय, हे वेगळं सांगायला नको.

ज्यांच्याकडं ट्रॅकरएवढे पैसे नाहीत, त्यांनी दारावर उघडताच वाजणारी बॅटरीवरची छोटी घंटी लावावी आणि रात्री दोघादोघांनी पाळीपाळीनं तिथंच झोपावं. चोर पळून गेल्यावर त्याचा पत्ता सांगणाऱ्या यंत्रापेक्षा हातात बॅटरी घेऊन बसलेला, अर्धवट झोपेत खोकणारा माणूस मला तरी जास्त भरवशाचा वाटतो. ट्रॅकर घेतलाच, तर आधी तो मूर्तीत बसवून मोटारसायकलवरून गावाला एक चक्कर मारून बघा. कुठं ठिपका गायब होतो, ते तेव्हाच कळेल. आणि सिमचं रिचार्ज ३१ डिसेंबरला संपत नाही ना, ते तपासा. बऱ्याच ठिकाणी गोठा तीन राजांच्या सणापर्यंत, ६ जानेवारीपर्यंत मांडलेला असतो.