डॉ. जब्बार पटेल : रंगमंच ते पडदा

जन्म पंढरपूर, 1942. शिक्षणाने डॉक्टर, कामाने दिग्दर्शक.

नाटक : विजय तेंडुलकरांचे ‘घाशीराम कोतवाल’ (1972). संगीत भास्कर चंदावरकर, नृत्य कृष्णदेव मुळगुंद. यात रांगेत डोलणारे ब्राह्मण हाच पडदा. रांग फुटली की मागचे दृश्य दिसते. पुढे पु. ल. देशपांडे यांचे ‘तीन पैशाचा तमाशा’ (1978), मूळ नाटककार ब्रेश्ट.

चित्रपट : ‘सामना’, ‘जैत रे जैत’ (1977, गो. नी. दांडेकरांची कादंबरी), ‘सिंहासन’ (1979), ‘उंबरठा’ (स्मिता पाटील), ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर’ (2000).

गल्लत नको : 1976चा ‘घाशीराम कोतवाल’ चित्रपट पटेलांचा नव्हे, तो युक्त फिल्म को-ऑपरेटिव्हचा. ‘सिंहासन’ एका नव्हे, अरुण साधूंच्या दोन कादंबऱ्यांवर : ‘सिंहासन’ आणि ‘मुंबई दिनांक’.