शाळेजवळील विजेच्या तारा

दूरच्या जलविद्युत् केंद्राची वीज उंच मनोऱ्यांवरून शहरांत आणण्याचें मोठें कार्य महाराष्ट्रांत १९१५ सालीं खोपोली ते मुंबई या मार्गावर सिद्धीस गेलें. आज राज्यभर पसरलेल्या तारांच्या जाळ्यांतून वीज आमच्या हदगांवच्या शेतांतील पंपांना व शाळांतील दिव्यांना येऊन मिळते. तारांबरोबर पालकांच्या मनांत एक शंकाही आली आहे: शाळेशेजारून तार जात असेल, तर तिला स्पर्श न करतांही मुलांस अपाय होईल काय? या शंकेची थट्टा करणें अयोग्य, आणि तिच्यापायीं घाबरून जाणेंही अयोग्य. म्हणून तिचा शास्त्रीय विचार आम्ही येथें थोडक्यांत मांडीत आहों.

डेन्मार्कचे शास्त्रज्ञ ओर्स्टेड यांस १८२० सालीं असें आढळलें कीं, तारेंतून वीजप्रवाह वाहूं लागतांच जवळची होकायंत्राची सुई वळते. विद्यार्थ्यांनो, बॅटरीचा सेल व लहानसा दिवा घेऊन तुम्हांसही हें पाहतां येईल. जोडलेली तार सुईच्या अगदीं वर, दक्षिणोत्तर धरा. दिवा लागतांच सुई हलेल. तार हातभर उंच उचला; सुई पूर्ववत् होईल. आतां जाणारी व येणारी तार एकमेकींस पीळ देऊन सुईवर धरा. सुई जवळजवळ हलणार नाहीं, कारण दोन विरुद्ध प्रवाह एकमेकांचें चुंबकीय बल नाहींसें करतात. (घरांतील विजेवर हा प्रयोग कदापि करूं नये.) आमच्या विषयाचें सारें मर्म या प्रयोगांत आहे: तारेपासून दूर राहणें, व जाणारा-येणारा प्रवाह जवळ जवळ ठेवणें.

खांबावरील तारांतील प्रवाह सेकंदास ५० वेळां आंदोलन पावतो. त्यामुळें तारांभोंवतीं विद्युत् क्षेत्र व चुंबकीय क्षेत्र अशीं दोन क्षेत्रें उत्पन्न होतात. पहिल्यास भिंती व झाडें बरीचशी अडवितात. दुसरें मात्र विटांच्या भिंतींतूनही आरपार जातें. तें प्रवाहावर अवलंबून असल्यानें, रब्बींत एकाच वाहिनीवरील अनेक पंप सुरू झाले कीं वाढतें. परंतु तारांपासून कांहींसें दूर गेल्यावर अंतर दुप्पट करावें, तों तें सुमारें चौथाईवर येतें.

आतां आरोग्याचा प्रश्न. १९७९ सालीं अमेरिकेंतील डेन्व्हर येथें वर्थहायमर व लीपर या संशोधकांनीं मुलांचा कर्करोग व घराजवळील तारा यांचा संबंध असावा असें सुचविलें. पुढें अनेक देशांतील पाहण्या एकत्र करतां, जेथें सरासरी चुंबकीय बल ०.३ ते ०.४ मायक्रोटेस्लाहून अधिक होतें, अशा थोड्या घरांतील मुलांत रक्ताच्या कर्करोगाचें प्रमाण सुमारें दुप्पट दिसलें. हा रोग मुळांतच विरळ आहे, आणि तारा हेंच त्याचें कारण असें सिद्ध झालेलें नाहीं. म्हणून आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेनें २००२ सालीं या क्षेत्रास ‘कदाचित् कर्करोगजनक’ एवढेंच म्हटलें. शरीरावर तत्काळ होणाऱ्या परिणामांसाठीं २०१० सालीं सुचविलेली आंतरराष्ट्रीय मर्यादा २०० मायक्रोटेस्ला आहे. जागतिक आरोग्य संघटनेनें २००७ सालीं दिलेला सल्ला आम्हांस पटतो: अल्प खर्चांत संपर्क कमी करतां येत असेल, तर तो अवश्य करावा.

तो कसा करावा? नवी वर्गखोली बांधतांना ती वाहिनी व रोहित्र (ज्यास आपण डीपी म्हणतों) यांपासून दूर आंखावी. नकाशावर रेघ सरकविण्यास कांहींच खर्च लागत नाहीं. अमेरिकेच्या कॅलिफोर्निया राज्यांत नव्या शाळेसाठीं ५० ते १३३ हजार व्होल्टच्या वाहिनीच्या पट्ट्यापासून १०० फूट अंतर सांगितलें आहे. जुन्या शाळेंत पंप चालू असतांना व बंद असतांना, अशा दोन्ही वेळीं जाणकाराकडून मोजमाप करवावें. मुख्य बोर्ड किंवा मीटर ज्या भिंतीवर असेल, तिच्यामागील बांकें दोन-तीन मीटर हलवावीं. फेज व न्यूट्रल या तारा सर्वत्र बरोबरच नेल्या आहेत कीं नाहीं, तें तपासावें. त्या वेगळ्या वाटांनीं गेल्यास खोलीभर क्षेत्र पसरतें. उघड्या तारांऐवजीं पीळ दिलेली आवरणयुक्त केबल महावितरणकडे मागावी. तिनें क्षेत्रही घटतें व स्पर्शाचा धोकाही कमी होतो. झाडें लावून वा पत्रे ठोकून चुंबकीय क्षेत्र अडेल, ही आशा मात्र व्यर्थ होय.

आणि एक गोष्ट विसरूं नये. अदृश्य क्षेत्राचा अपाय अद्याप शंकेंतच आहे. परंतु लोंबकळणारी तार, पावसाळ्यांत ओला झालेला खांब व निकामी अर्थिंग यांचा अपाय निश्चित आहे. तारेंत अडकलेला पतंग काढावयास धांवणाऱ्या मुलाचा हात प्रथम धरावा. मायक्रोटेस्लाचा हिशेब त्यानंतर करावा.